भीतीचा पत्ता चुकला आहे

आमच्या खर्ड्यात सध्या एक कागद फिरतो आहे. वस्तीतल्या मोबाइल टॉवरच्या किरणांमुळे कॅन्सर होतो, सबब टॉवर तात्काळ हटवावा, अशी मागणी त्यावर आहे. सह्या भराभर होत आहेत. कागद माझ्याकडेही आला. मी सही केली नाही. तेव्हापासून चहाच्या टपरीवर माझी ओळख ‘टॉवरवाला’ अशी करून दिली जाते आणि कंपनीकडून मला किती मिळाले, याचे आकडेही लोकांनी आपापसात ठरवून टाकले आहेत. गंमत अशी की ‘टॉवर हटाव’साठी व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आहे आणि तो त्याच टॉवरच्या रेंजवर चालतो.

मी सही का केली नाही, ते इथे सविस्तर लिहितो. कारण प्रश्न एका टॉवरचा नाही. ‘रेडिएशन’ या एका शब्दाने आपल्या समाजात जी भीती शिरली आहे, ती चुकीच्या पत्त्यावर जाऊन बसली आहे. जिथे घाबरायचं कारण नाही तिथे आपण सह्या गोळा करतो. जिथे चार प्रश्न विचारायला हवेत तिथे मान खाली घालून पैसे भरतो. आणि जिथे किरणांनी जीव वाचतो तिथून पळून येतो. या तिन्ही गोष्टी मी याच गावात, याच माणसांकडून होताना पाहिल्या आहेत.

टॉवरवर आरोप काय आहे?

किरणं म्हटली की सगळी एकाच माळेचे मणी, असा आपला समज असतो. कूळ एक आहे हे खरं. सूर्याचं ऊन, रेडिओचं प्रक्षेपण, मोबाइलचा सिग्नल, एक्स-रे, कोबाल्टमधून निघणारी गॅमा किरणं, ही सगळी एकाच कुळातली भावंडं. पण ताकद सारखी नाही. शरीराच्या पेशीतली मोडतोड करायची तर किरणाच्या प्रत्येक घावात ठरावीक जोर असावा लागतो. दगडावर दिवसभर कापसाचे बोळे फेकले तरी दगड फुटत नाही. घणाचा एक घाव मात्र पुरतो. एक्स-रे आणि गॅमा किरणं घणाच्या जातीची आहेत. टॉवरच्या लहरी कापसाच्या जातीच्या. त्या फार मोठ्या प्रमाणात अंगावर आल्या तर अंग तापवतील. पेशीतला धागा तोडण्याएवढा जोर त्यांच्यात नाही.

आता प्रमाण किती, ते पाहू. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली गेली. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी ती चौरस मीटरला ०.४५ वॉट आहे. आमच्याकडच्या एप्रिलातल्या भर दुपारचं ऊन घ्या. चौरस मीटरला हजार वॉटच्या आसपास ऊर्जा त्यातून येते आणि त्यात अतिनील किरणंही असतात. कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या जागतिक यादीत ऊन पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात आहे. भर उन्हात कांदा काढणाऱ्या बाईच्या डोक्यावर सावली असावी, म्हणून आमच्या गावात कुणी कागद फिरवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. लहर जितकी दूर जाईल तितकी ती झपाट्याने विरळ होते. गच्चीवरचा टॉवर तुमच्यापासून तीस-चाळीस मीटरवर असतो. खिशातला फोन कानाला चिकटलेला असतो. तुमच्या डोक्याला जी काही लहर पोचते तिचा मोठा वाटा फोनचा. आणि टॉवर दूर गेला, रेंज कमी झाली, की त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी तुमचा फोन जास्त जोर लावतो. म्हणजे टॉवर गावाबाहेर हाकलून आपण आपल्याच कानाशी लहरी वाढवणार. हे मी सही मागायला आलेल्या भाईजानला समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद पुन्हा पुढे सरकवला.

हे चार दाखले नेहमी दिले जातात

माझ्याशी वाद घालणारे रिकाम्या हाताने येत नाहीत, हे कबूल केलं पाहिजे. पहिला दाखला जागतिक आरोग्य संघटनेचा. तिच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये मोबाइलच्या लहरींना ‘कदाचित कॅन्सरकारक’ म्हटलं, हे खरं आहे. त्या गटाचं नाव ‘२ ब’. त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क आहे आणि पूर्व आशियातल्या पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. या गटाचा अर्थ ‘पुरावा अपुरा आहे, आणखी तपासा’ एवढाच. मग तपासलं का? तपासलं. २०२४ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेला मोठा आढावा प्रसिद्ध झाला. १९९४ ते २०२२ या काळातले ६३ अभ्यास त्यात चाळले होते. मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही. दहा-दहा वर्षं फोन वापरणाऱ्यांतही नाही. २०११ ची बातमी आमच्या गावात पोचली. २०२४ ची पोचली नाही. भीतीच्या बातमीला पाय असतात, दिलाशाच्या बातमीला नसतात.

दुसरा दाखला कोर्टाचा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्वाल्हेरचा एक टॉवर बंद करायला सांगितलं होतं. हेही खरं. पण न्यायालय एका माणसाच्या तक्रारीवर आदेश देतं. लहरीचा गुणधर्म आदेशाने बदलत नाही. आणि कोर्टाचाच दाखला हवा तर पुढचाही घ्या. २०२१ मध्ये फाइव्ह-जीविरुद्ध अभिनेत्री जुही चावला दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ४ जूनला याचिका फेटाळली गेली आणि वीस लाखांचा दंड झाला. तो पुढच्या जानेवारीत दोन लाखांवर आला. मी तो दंड विज्ञानाचा पुरावा म्हणून पुढे करत नाही. मग तुम्हीही ग्वाल्हेरचा आदेश पुढे करू नका.

तिसरा दाखला चिमण्यांचा. टॉवर आले आणि चिमण्या गेल्या. आमच्या लहानपणी माळवदाच्या वळचणीला, देवळीत, भिंतीवरच्या फोटोच्या मागे घरटी असायची. माळवदं पाडली आणि स्लॅब टाकले. अंगणात धान्य निवडणं संपलं. पिकांवर औषधं आली, किडे गेले. चिमणीने राहायचं कुठे आणि पिलांना भरवायचं काय? घर आपण मोडलं आणि आळ टॉवरवर घेतला.

चौथा दाखला सगळ्यात जड आहे. ‘आमच्या गल्लीत तीन जणांना कॅन्सर झाला, त्याचं काय?’ या प्रश्नावर हसणाऱ्याला माणूस म्हणू नये. पण मी त्या तीन घरांत जाऊन बसलो आहे. एकाच्या तोंडात तीस वर्षं तंबाखू होती. एकीची सकाळ मिशरीने सुरू व्हायची आणि रात्रही मिशरीनेच संपायची. तिसरीचा आजार तर टॉवर उभा राहण्याच्या आधीचा. तंबाखू आणि सुपारी दोन्ही त्याच जागतिक यादीत पहिल्या गटात आहेत. चुलीत लाकूड जाळून घरात कोंडणारा धूर त्याखालच्या ‘२ अ’ गटात आहे. मिशरी विकणारं दुकान आणि टॉवर यांच्यात हाकेचं अंतर आहे. कागद फक्त टॉवरविरुद्ध निघाला. कारण टॉवर कंपनीचा आहे आणि मिशरी आपल्या घरातली आहे. शिवाय टॉवरचं भाडं शेजाऱ्याला मिळतं. भाडं आपल्या घरी येतं तेव्हा किरणं लागत नाहीत, असा अनुभव अनेक गावांतून ऐकायला मिळतो.

तरीही शंका राहतेच ना? मग मोजा. दूरसंचार विभागाचं ‘तरंग संचार’ नावाचं पोर्टल २०१७ पासून चालू आहे. आपल्या भागातला टॉवर मर्यादेत आहे का ते तिथे दिसतं आणि ४,००० रुपये भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. सही मागणाऱ्यांना मी म्हटलं, वर्गणी काढू, पहिले पाचशे माझे. मोजणीत मर्यादेबाहेर निघालं तर पहिली सही माझी. अजून कुणी पुढे आलेलं नाही. सही फुकट असते, मोजणीला पैसे पडतात.

मे २०२१ आठवा

आता दुसऱ्या बाजूकडे या. कोरोनाची दुसरी लाट. कबरस्तानात आणि स्मशानात जागा कमी पडत होती. तेव्हा मोबाइलवर एक मेसेज जोरात होता की हा कोरोना नाहीच, फाइव्ह-जीच्या चाचण्यांमुळे माणसं मरत आहेत. लोक एवढे धास्तावले की १० मे २०२१ रोजी दूरसंचार विभागाला जाहीर करावं लागलं, देशात फाइव्ह-जीच्या चाचण्या अजून कुठेही सुरूच झालेल्या नाहीत. फाइव्ह-जी भारतात आलं १ ऑक्टोबर २०२२ रोजी. जे नव्हतंच त्याची किरणं लोकांना लागत होती.

त्याच महिन्यात, तीच माणसं काय करत होती? एचआरसीटीच्या रांगेत उभी होती. साधी कणकण आली तरी आधी सीटी. तपासणीचा रिपोर्ट येण्याआधी सीटी. चार दिवसांनी ‘स्कोअर वाढला का’ बघायला पुन्हा सीटी. घराघरात विचारणा होती, ‘स्कोअर किती?’ अख्खं कुटुंब एका गाडीत बसवून स्कॅन करून आणलेले लोक मला माहीत आहेत, त्यात ताप नसलेली पोरंही होती. राज्य सरकारने दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधून दिला होता, म्हणून चर्चा झाली ती फक्त पैशांची. किरणांची कुणी केली नाही.

आणि सीटी म्हणजे एक्स-रेच. म्हणजे घणाच्या जातीची किरणं. छातीच्या साध्या एक्स-रेला ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते. छातीच्या नेहमीच्या सीटीला साधारण ५ ते ७. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून माणसाला वर्षभरात नैसर्गिकपणे मिळते ती जगभरची सरासरी २.४. म्हणजे दोन-तीन वर्षांची मात्रा काही सेकंदांत. ३ मे २०२१ रोजी एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटी करू नका म्हणून बजावलं. एक सीटी म्हणजे तीन-चारशे एक्स-रे, असं ते म्हणाले. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने हरकत घेतली की हा आकडा जुना आहे, आताच्या कमी मात्रेच्या यंत्रांत तो पाच-दहा एक्स-रेएवढाच असतो. आकड्यावर दोघांनी भांडावं. आपल्यासाठी मुद्दा एवढाच की ज्याला गरज आहे त्याच्यासाठी सीटी नियामत आहे आणि गरज नसलेल्याला ती फुकटची मात्रा आहे. पण ‘डॉक्टरसाहेब, याची गरज आहे का?’ हा एक प्रश्न त्या रांगेत कुणी विचारला नाही. नसलेल्या टॉवरला घाबरणारा माणूस असलेल्या यंत्राखाली आनंदाने आडवा झाला.

शेक

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. आमच्या नात्यातल्या एका खालांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन नको, शेक द्यायचा. आपल्याकडे रेडिएशनच्या उपचाराला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’ म्हणतं. पाच आठवडे, पंचवीस वेळा, नंतर आतून काही वेळा. वेळेत पूर्ण केलं तर बऱ्या होण्याची आशा चांगली आहे, असंही सांगितलं. आठ झाले. खालांना जुलाब लागले, थकवा आला. डॉक्टरांनी हे होणार म्हणून आधीच सांगितलेलं होतं. पण घरात कुजबुज सुरू झाली. शेकने माणूस आतून जळतो. अंगात किरणं राहतात. नातवंडांना जवळ घेऊ देऊ नका. त्यांचं ताट-पेला वेगळा काढला गेला. ज्या बाईने आठ नातवंडं मांडीवर वाढवली, तिला एका खोलीत बसवलं.

बाहेरून दिलेल्या शेकने माणसाच्या अंगात किरणं राहत नाहीत. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसंच. आतून देतात तेव्हाही किरणांचा स्रोत काही मिनिटांनी बाहेर काढून घेतात. नातवंडांना मांडीवर घ्यायला काही हरकत नव्हती. हे मी सांगितलं, गाडीभाड्याची सोयही केली. पण खालांनाच आता वाटू लागलं होतं की आपल्यामुळे पोरांना काही होईल. नववा शेक झालाच नाही. कुणीतरी काढा दिला, कुणी दम करून पाणी आणलं. सहा महिन्यांनी रक्त थांबेना तेव्हा पुन्हा नेलं. तोवर आजार पुढे गेला होता. पुढच्या रमजानला खाला नव्हत्या.

त्यांचा शेक थांबवायला घरात ज्याने सगळ्यात जास्त जोर लावला, तोच आमचा भाईजान टॉवरचा कागद घेऊन माझ्या दारी आला होता. तो वाईट माणूस नाही. खालांवर त्याचा जीव होता. मोबाइलवर आलेलं सगळं त्याने मनापासून खरं मानलं, एवढाच त्याचा दोष. पण मयत होण्यासाठी तेवढा दोषही पुरतो. म्हणून जेव्हा लोक म्हणतात, ‘टॉवरची भीती खोटी असली तरी बिघडतं काय, काळजी घेतलेली बरी,’ तेव्हा मला गप्प बसवत नाही. बिघडतं. ‘रेडिएशन म्हणजे मरण’ हे एकदा डोक्यात बसलं की ते टॉवरपाशी थांबत नाही, दवाखान्याच्या दारापर्यंत येतं.

याच किरणांनी आपल्या भागात किती जणांना वाचवलं, ते बघा. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचं देशी यंत्र बनवलं, ते पहिल्यांदा २००५ साली खारघरच्या टाटा केंद्रात बसलं. खर्ड्याहून बार्शी दूर नाही. बार्शीत १९८२ पासून कॅन्सरचं रुग्णालय आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. तिच्या कक्षेत बार्शी, परंडा आणि भूम तालुक्यांतली गावं येतात. भूम म्हणजे आमच्या शिवेपलीकडचाच तालुका. त्या नोंदींमध्ये बायकांच्या कॅन्सरांत गर्भाशयमुखाचा कॅन्सर वर्षानुवर्षं सगळ्यात वर राहिला. कारण टॉवरचं नाही, एचपीव्ही नावाच्या विषाणूचं आहे. त्या नोंदी सुरू झाल्या तेव्हा आपल्याकडे मोबाइल नव्हताच.

भीतीची दुकानं

भीती आली की तिच्यामागे दुकान येतंच. फोनच्या पाठीला लावायचे ‘अँटी-रेडिएशन’ स्टिकर बाजारात मिळतात. स्टिकरने खरंच लहर अडवली तर फोन लागणारच नाही. आणि फोन लागत असेल तर स्टिकरने काही अडवलेलं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रीय कामधेनू आयोगाच्या अध्यक्षांनी गाईच्या शेणाची चिप दिल्लीत पत्रकारांसमोर धरली आणि ती मोबाइलची किरणं कमी करते असं सांगितलं. देशातल्या शेकडो वैज्ञानिकांनी पत्र लिहून पुरावा मागितला.

त्या चिपवर आपल्या लोकांनी भरपूर विनोद केले. मीही वाचले, हसलो. पण आपल्या मोबाइलमध्ये काय फिरतं? ‘सज्दा केल्याने मेंदूतल्या विद्युतचुंबकीय लहरी कपाळावाटे जमिनीत उतरतात, युरोपातल्या शास्त्रज्ञाने सिद्ध केलं.’ शास्त्रज्ञाचं नाव नाही, विद्यापीठाचा पत्ता नाही. जुम्याच्या दिवशी हा मेसेज हमखास येतो आणि त्याखाली सुभानल्लाहची रांग लागते. जनाब, सज्दा अल्लाहसाठी असतो, अर्थिंगसाठी नसतो. ज्याच्या इबादतीला लहरींचा दाखला लागतो त्याने आधी आपल्या इबादतीची काळजी करावी. शेणाच्या चिपला हसायचा हक्क, हा मेसेज पुढे पाठवणं थांबवल्यावर मिळेल.

आणि तो दुसरा जुना मेसेज. ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून कॉस्मिक किरणं जाणार आहेत, फोन बंद ठेवा, उशाशी ठेवू नका, नासाने सांगितलं.’ किती वर्षं ‘आज रात्री’ चालू आहे. आपल्याकडे तर बातमीची शहानिशा केल्याशिवाय तिच्यावर वागू नये, हा सूरह हुजुरातमधला थेट हुकूम आहे. आपण दाढी-टोपीवर तासन् तास वाद घालतो आणि हा हुकूम अंगठ्याच्या एका टिचकीत मोडतो.

मग काहीच विचारायचं नाही?

उलट. मला राग आहे तो यासाठी की खऱ्या प्रश्नांना माणूस मिळत नाही. ‘घाबरू नका, सगळं सुरक्षित आहे’ असं म्हणणारे अधिकारीही मला तेवढेच नकोत. भीती जेव्हा नीट प्रश्नात बदलते तेव्हा ती कामाची होते. जैतापूर आठवा. ९,९०० मेगावॉटचा अणुप्रकल्प येणार म्हटल्यावर साखरी नाट्याच्या कोळी-मुस्लिम वस्तीने विचारलं की समुद्रात गरम पाणी सोडलं तर मासळीचं काय होईल? भूकंपाचं काय? जमीन गेलेल्याने जगायचं कसं? हे प्रश्न अडाणी नव्हते. १८ एप्रिल २०११ रोजी तिथे गोळीबार झाला आणि एक तरुण मच्छीमार मारला गेला. त्या लोकांना ‘विज्ञानविरोधी’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहेच. प्रश्न विचारणं वेगळं आणि अफवेवर सही करणं वेगळं.

आपल्या आसपास विचारायचे प्रश्न आहेत. एक्स-रेचं यंत्र ठेवायला परमाणु ऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत आहे. पण तालुक्याच्या गावांत मी अशा खोल्या पाहिल्या आहेत, जिथे बटण दाबताना दार सताड उघडं असतं, बाहेर बाकावर पोटुशी बाई बसलेली असते, आत पोराला धरायला आई, आजी आणि मामा असे तिघं उभे असतात आणि कुणाच्याच अंगावर शिशाचा ॲप्रन नसतो. यंत्र चालवणाऱ्या पोराच्या छातीला मात्रा मोजणारा टीएलडी बॅज नसतो. तो पोरगा रोज तिथे उभा असतो. रोगी एकदाच येतो. त्याच्या जिवाची चिंता आधी केली पाहिजे. तिथे आपण विचारावं: परवाना कुठे आहे? दार का बंद नाही? धरणाऱ्याला ॲप्रन द्या. आणि बाई गरोदर असेल तर तिने आधीच सांगावं. लक्षात ठेवा, मी एक्स-रे टाळा म्हणत नाही. हाड मोडलं, क्षयाची शंका आली, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. नीट खोलीत काढा, एवढंच.

दुसरा प्रश्न भंगाराचा आणि तो आपल्या घरचा आहे, कारण भंगारच्या धंद्यात आपली माणसं मोठ्या संख्येने आहेत. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं यंत्र तोडलं गेलं. ते दिल्ली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं, वर्षानुवर्षं पडून असलेलं, लिलावात विकलेलं यंत्र होतं. तोडणाऱ्यांना आत काय आहे याचा पत्ता नव्हता. एका कामगाराचा जीव गेला, बाकीचे होरपळले. ज्यांनी विकलं ते शिकलेले होते. ज्यांनी तोडलं त्यांना पिवळ्या पाटीवरच्या तीन पात्यांच्या चिन्हाचा अर्थ कुणी शिकवला नव्हता. आपल्या किती मदरशांत, किती उर्दू शाळांत, किती भंगारच्या गोदामांत ते चिन्ह भिंतीवर लावलं आहे? पोरं सकाळी शाळेत आणि संध्याकाळी गोदामात असतात. टॉवरच्या फलकाला जेवढा खर्च येईल तेवढ्यात तालुक्यातलं प्रत्येक गोदाम होईल.

आपण जामखेडचे आहोत

‘हे सगळं शिकलेल्यांना कळतं, गावातल्या बायाबापड्यांना कसं कळणार?’ असं मला विचारतात. असं विचारणारा जामखेड तालुक्याचा असेल तर त्याने खरं तर शरमलं पाहिजे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडात काम सुरू केलं. गावांनी निवडून दिलेल्या बायका, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित, आरोग्याचं शास्त्र शिकल्या. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग, लसी, सगळं. आंधळ्या समजुतींशी त्या आपल्या उंबऱ्यात भांडल्या. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार याच कामाला मिळाला. जग शिकायला इथे आलं. निरक्षर बाईला जंतू कळला, तर सातवी-आठवी झालेल्या आपल्या पोरींना शेक का कळणार नाही?

शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तर याहून मोठी गोष्ट झाली. टाटा रुग्णालय आणि बार्शीच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष आले. आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आले. एक गट तपासणीविना ठेवला गेला, त्यावर पुढे नैतिकतेचे प्रश्न उठले आणि ते रास्त होते. पण त्या बायकांनी दिलेलं उत्तर आता सगळ्या जगाचं आहे. फक्त ते शीव ओलांडून आमच्या गल्लीत आलेलं नाही. आमच्या खालांची अशी तपासणी कधी झाली नव्हती.

गावसभेत काही मागायचंच असेल तर हे मागा. तिशीच्या पुढच्या बायकांची गर्भाशयमुखाची आणि तोंडाची तपासणी वर्षातून एकदा गावात व्हावी, तपासणारी बाईच असावी, पडद्याची सोय असावी. शेकसाठी महिनाभर जा-ये करणाऱ्या रोग्याला आणि सोबतच्याला गाडीभाडं मिळावं, कारण निम्मे लोक भीतीने आणि निम्मे भाड्याने शेक सोडतात असं मला दिसतं. तालुक्यातल्या प्रत्येक एक्स-रे खोलीच्या दारावर परवाना लावलेला असावा. आणि जुम्याच्या खुतब्याआधीच्या बयानात इमामसाहेबांनी एवढं एक वाक्य सांगावं की शेक घेणाऱ्या माणसाच्या मांडीवर नातवंडाने खुशाल बसावं.